डोळ्यांना शनिवारपर्यंतची मुदत

"आई, कॅमेऱ्याजवळ ये. अजून जवळ. डोळ्यांखाली काय झालंय तुझ्या?"

मावशींनी आधी चष्मा पुसला, मग फोन पुसला, मग डोळ्यांखाली बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. "सावली पडली असेल गं," त्या म्हणाल्या.

"दोन्ही डोळ्यांखाली बरोब्बर सारखी सावली? आणि या सुजल्यासारख्या पिशव्या कसल्या? तू झोपत नाहीस, आई. तुला हे सगळं एकटीला झेपत नाहीये."

लेक एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि कोणाला काय झेपत नाही हे ठरवणं हेच तिचं काम होतं. स्वतः ती दर रविवारी पडद्यावर अशी तुकतुकीत दिसायची, की पोरगी आपल्यावर गेली नाही हे एक बरं झालं, असं मावशींना प्रत्येक वेळी वाटायचं.

"मी शनिवारी येतेय," लेकीनं जाहीर केलं. "समोरासमोर बसून काय ते ठरवून टाकू. फ्लॅटला माझ्या माहितीत गिऱ्हाईक आहे. तू माझ्याकडे राहायचंस आता."

फोन बंद झाला.

आता, मावशींचा फ्लॅट तळमजल्यावर, फाटकाला अगदी लागून. इमारतीला रखवालदार नव्हता, मावशी होत्या. वरच्या चारही मजल्यांची पार्सलं त्यांच्याकडे यायची, जास्तीच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या, नळ दुरुस्त करणारा आधी त्यांची बेल वाजवायचा आणि मग नळ कुठे गळतोय ते विचारायचा. दिवसभर बेल चालू. लेक म्हणायची, "हे घर आहे की गोदाम?" मावशीही चारचौघांत तक्रार करायच्या, जीव नकोसा केलाय म्हणून. पण खरं सांगायचं तर त्या बेलवरच त्यांचा दिवस उभा होता. लेकीच्या नवव्या मजल्यावर, बंद दाराआड बसून ती कधी घरी येते याची वाट बघायची, ही नुसती कल्पनाही त्यांना सोसेना.

म्हणजे प्रश्न सरळ होता. शनिवारपर्यंत डोळे ठीक झाले तर घर राहील. नाही झाले तर घर जाईल. एवढी मोठी जबाबदारी आजवर कोणाच्या पापण्यांवर पडली असेल असं वाटत नाही.

मावशींनी हे स्वतःशीच ठेवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सोमवारी डंबेल पार्सल न्यायला आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं. डंबेल म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा व्यायामशाळेचा मास्तर. त्याचे दंड असे, की हात शरीराला कधी टेकायचेच नाहीत.

"काय सांगता, मावशी!" तो हादरलाच. "तुम्ही गेलात तर माझे पावडरचे डबे कोण घेणार?" मग त्याच्या लक्षात आलं असावं की आधी दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. "म्हणजे, आम्हाला करमणार कसं? ते राहू दे. स्टीलचे दोन चमचे फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या डोळ्यांखाली दाबा. सूज खल्लास!"

मावशींनी मंगळवारी सकाळी तोंड धुतलं आणि ते न पुसताच चमचे डोळ्यांखाली दाबले. डावा चमचा सुटला. उजवा सुटेना. ओल्या कातडीला गोठलेला चमचा चिकटतो हे डंबेलनं सांगितलं नव्हतं, कारण हा उपाय त्यानं स्वतः कधी केलाच नव्हता, फक्त ऐकला होता. घरगुती उपायांचं एकूण असंच असतं. करणारा एक आणि ऐकलेले शंभर.

तेवढ्यात बेल वाजली. मावशींनी एका हातानं चमचा धरून दुसऱ्या हातानं दार उघडलं आणि त्याच हातानं सही केली. पार्सलवाल्यानं आपल्या नोकरीत बरंच काही पाहिलं असावं. तो एवढंच म्हणाला, "नाश्ता चालला होता का? सावकाश होऊ द्या."

कोमट पाण्यानं चमचा सुटला खरा, पण जाताना आपला ठसा ठेवून गेला. आता एक डोळा काळा आणि दुसरा तांबडाकाळा अशी विभागणी झाली. मावशींचा धीर सुटायला लागला.

बातमी एव्हाना जिन्यानं वर गेली होती. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या रसायनबाई खाली आल्या. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या आणि घरी मीठ टाकतानाही हातमोजे घालतील अशी त्यांची शिस्त.

"चमचा हे विज्ञान नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "बटाटा हे विज्ञान आहे. कच्चा बटाटा, पातळ चकत्या, अर्धा तास डोळ्यांवर. आडवं पडायचं आणि अजिबात हलायचं नाही. हललं की प्रयोग फसला."

मावशी आडव्या पडल्या. बेल वाजली. चकत्या काढून उशीवर ठेवल्या, दार उघडलं; वीजमीटर बघणारा होता. परत पडल्या. बेल वाजली. डंबेलला किल्ली हवी होती, आणि त्याच्यामागे इमारतीच्या कमिटीच्या सेक्रेटरींचं पार्सलही आलेलं होतं. ते घेतलं, ठेवलं, परत पडल्या. आता चकती एकच. उशीखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, चपलांत पाहिलं. एका डोळ्याचाच प्रयोग करावा की दोन्ही डोळ्यांचा रद्द करावा या विचारात अर्धा तास गेला आणि पुन्हा बेल वाजली.

हरवलेली चकती बुधवारी सापडली. कमिटीचे सेक्रेटरी ती स्वतः खाली घेऊन आले, आणि सुटी नव्हे, खोक्यासकट. सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. वयानं मावशींपेक्षा मोठे असूनही ते त्यांना मावशीच म्हणत. ते जणू त्यांचं पदनाम होतं.

"मावशी," त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. पत्त्याच्या कागदावर, बरोबर त्यांच्या नावाच्या जागी, काळी पडलेली चकती वाळून घट्ट बसली होती. "हा काय प्रकार आहे? मला आधी वाटलं कुठल्या खात्याचा शिक्का आहे."

मावशींना रडू फुटायचंच बाकी होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेक, गिऱ्हाईक, नववा मजला, शनिवार. ऐकता ऐकता सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला.

"गिऱ्हाईक कसं आणतात बघू! कमिटीचा ना हरकत दाखला लागतो. मी देणारच नाही."

"दाखला नका देऊ, पण त्याआधी ही बेल बंद करून द्या. मला थोडी झोप मिळाली तर डोळ्यांची सूज आपोआप उतरेल."

सेक्रेटरी खुर्चीत सावरून बसले. "बेल? बेल सामाईक वायरिंगवर आहे, मावशी. त्यासाठी अर्ज लागेल. अर्जावर सभा. सभेची नोटीस पंधरा दिवस आधी."

"अहो, लेक शनिवारी येतेय!"

"मग अर्जावर वर 'तातडीचे' असं लिहा. तातडीच्या अर्जाचा आम्ही सात दिवसांत विचार करतो."

मात्र माणूस मनानं वाईट नव्हता. तासाभरानं मावशींच्या बेलखाली एक कागद लागला: 'मावशी झोपल्या आहेत. बेल वाजवू नये. सभेच्या मंजुरीच्या अधीन राहून, कमिटीच्या वतीने.'

आणि मग इमारतीत जी शांतता पसरली, तिनं मावशींचा जीव घेतला.

दुपारी त्या पडल्या. बेल वाजली नाही. कूस बदलली. तरीही वाजली नाही. पार्सलवाला येऊन परत तर गेला नसेल? कोणाचा नळ फुटला असेल आणि लाजेकाजेस्तव कोणी सांगत नसेल? बेल बिघडली तर नाही ना? शेवटी न राहवून त्या उठल्या, हळूच दार उघडून बाहेर गेल्या आणि स्वतःच्या घराची बेल स्वतःच वाजवून पाहिली.

बेल उत्तम चालू होती. वर धडाधड तीन दारं उघडली. "कोण आहे रे तिकडे? वाचता येत नाही का? मावशी झोपल्यात ना!" डंबेलचा आवाज घुमला, पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली, आणि मावशींना स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरून कडी लावावी लागली.

बेल वाजवायची नाही म्हटल्यावर लोक टकटक करायला लागले. "झोप लागली का?" एवढंच विचारायचं होतं सगळ्यांना. रसायनबाई तर खिडकीपाशी येऊन काचेला नाक लावून बघून गेल्या. डोळे मिटून पडलेल्या बाईला "झोपलात का?" असं विचारलं तर तिनं काय उत्तर द्यायचं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. मावशी प्रत्येकाला "हो" म्हणत राहिल्या.

गुरुवारी आरशात पाहिलं तर पिशव्या वाढल्या होत्या. शनिवार तर येऊन ठेपला. अशा वेळी माणूस कुठलंही टोक गाठतो. मावशींनी चहाचं गाठलं. चहाच्या थंड पिशव्या डोळ्यांवर ठेवाव्यात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांच्याकडे पिशव्या नव्हत्या, चहापूड होती. पिशवीत असते ती पूडच ना, असा साधा हिशेब करून त्यांनी मूठभर पूड चांगली कडक उकळली, गाळून रुमालात तिची पुरचुंडी बांधली, एकीच्या दोन केल्या आणि डोळ्यांवर ठेवून पडून राहिल्या. आणि गंमत म्हणजे, त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा पुरचुंड्या सुकल्या होत्या. आरशात डोळ्यांभोवती दोन तपकिरी गोल होते, कडा अगदी रेखीव. घासून पाहिलं, साबण लावला, काही उपयोग झाला नाही.

रसायनबाईंनी उजेडात नेऊन निरीक्षण केलं. "पक्का रंग आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही होतं. "आम्ही शाळेच्या नाटकात जुनी पत्रं करायला कागद असाच चहात बुडवतो."

"जाईल कधी?"

"कागदाचा तर नाही जात. तुम्ही लिंबू लावून बघा. पण जपून हं, अगदी जपून."

जपून म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या घाबरण्यावर असतं. मावशी भलत्याच घाबरलेल्या होत्या. शुक्रवारी त्यांनी अख्खं लिंबू पिळलं. थोडं डोळ्यांखाली गेलं, बाकीचं डोळ्यांत. त्यानंतरचा तासभर त्या नळाखालीच होत्या. तपकिरी रंग किंचित फिका झाला. डोळे मात्र असे सुजले, की जुन्या पिशव्या त्यांच्यापुढे काहीच नव्हत्या.

संध्याकाळी सगळे त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमले. सेक्रेटरींनी घसा खाकरून ठेवला, पण वाक्य काही त्यांना सुचलं नाही. मावशी खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. "तिला काय वाटेल?" त्या म्हणाल्या. "आठवडाभर मी नुसती रडतेय असंच वाटेल. हातात बॅग देऊन घेऊन जाईल मला." आणि मग, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "मला नाही जायचं."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. डंबेल न बोलता वर गेला आणि आपला काळा गॉगल घेऊन आला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. मावशींनी इस्त्रीची साडी सारखी केली, गॉगल चढवला आणि दार उघडलं.

दारात लेक उभी. हातात बॅग, डोळ्यांवर काळा गॉगल.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. निदान बघत असाव्यात. नक्की सांगता येत नव्हतं.

"ऊन फार लागतं," लेक म्हणाली.

"मलाही," मावशी म्हणाल्या. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

आत येऊन दोघी चहाला बसल्या. गॉगल कोणीच काढला नाही. मावशींनी अंदाजानं साखर घातली. ती एका कपात दोनदा पडली आणि दुसऱ्यात पडलीच नाही. लेकीनं गोड चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडंही केलं नाही, त्यावरून ती गंभीर बोलायला आलीय हे मावशींनी ओळखलं. त्यांनी घाईनं आपलं भाषण आधी सुरू केलं. रात्रंदिवस पाठ केलेलं होतं.

"हे बघ, माझं इथे उत्तम चाललंय. मी भरपूर झोपते. दुपारीसुद्धा झोपते. कोणालाही विचार. डोळ्यांचं म्हणशील तर तो कॅमेऱ्याचा दोष होता. प्रत्यक्ष बघितलंस तर तुझा विश्वास..."

डंबेलचा गॉगल डंबेलच्या डोक्याच्या मापाचा होता. मावशींनी 'विश्वास' म्हणताना मान जरा ठासून हलवली आणि तो नाकावरून घसरला, कपाच्या काठावर आपटला आणि चहात पडला.

"आई!" लेक ताडकन उठली. "काय झालं हे? कोणी मारलं तुला?" नीट दिसावं म्हणून तिनं आपला गॉगल ओढून काढला आणि मावशींचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

आणि मावशींना पहिल्यांदा तिचे डोळे दिसले.

तिथे चहा नव्हता, लिंबू नव्हतं. खोल गेलेले डोळे, खाली जांभळट काळी वर्तुळं, वर सूज. महिनोन् महिने जमवल्याशिवाय असे डोळे होत नाहीत. मावशींना स्वतःच्या डोळ्यांची आग आठवेनाशी झाली.

"अगं, पण रविवारी तर तू किती छान..."

"तो फिल्टर असतो, आई. फोनच चेहरा गुळगुळीत करून दाखवतो. मीटिंगसाठी लावते."

"आणि माझ्याशी बोलताना?"

लेकीनं मान खाली घातली. "तेव्हा तर आठवणीनं लावते. तू काळजी करत बसली असतीस."

चहात गॉगल पडलेला होता, तो कोणीच उचलला नाही.

"झोपच येत नाही मला," लेक म्हणाली. "घरी जाते, दार उघडते, आत कोणी नसतं. दिवा लावते, परत लॅपटॉप उघडते. म्हटलं, तू आलीस तर निदान दार तरी कोणी उघडेल. पण असं कसं मागायचं? मोठी बाई ना मी. त्यापेक्षा तुला झेपत नाहीये म्हणणं सोपं होतं."

मावशींना आधी रागच आला. आठवडाभर काळजाचं पाणी झालं होतं. चमचा काय, बटाटा काय, स्वतःच्याच दारातून चोरासारखं पळणं काय! पण वर येता येता त्या रागाचं भलतंच काही झालं. त्यांनी लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "सरळ सांगायचं गं, बाळा," एवढंच त्यांना बोलता आलं.

नंतर त्यांनी तिला सोफ्यावर आडवं केलं. लेक "दहाच मिनिटं हं" म्हणाली. मावशींनी अंगावर चादर घातली. डोळे मिटता मिटता ती पुटपुटली, "आई, ते घराचं राहू दे. हे विकलं तर मी यायचं कुठे?"

दाराबाहेर जिन्यावर कुजबुज चालली होती. मावशींनी दार बोटभर उघडलं. सगळी इमारत तिथे उभी होती, पुढे सेक्रेटरी.

"काय निर्णय झाला?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

"घर राहिलं. पण आवाज करू नका, पोरगी झोपलीय."

ही बातमी चार मजले चढून गेली आणि एका पायरीचाही आवाज झाला नाही. डंबेलनं आनंदानं हवेत मूठ उगारली, तीही रसायनबाईंनी वरच्या वर धरली.

मावशी आत येऊन बसतात न बसतात तोच टेबलावर लेकीचा फोन थरथरायला लागला. लेकीची पापणी हलली. मावशींनी झडप घालून फोन उचलला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"मॅडम आहेत का?" कोणी साहेब होते. सुट्टीच्या दिवशीही त्यांना घाई होती. "एक मीटिंग आहे, त्यांना लगेच जोडून घ्या."

"ती झोपलीय."

आपल्या हाताखालचं माणूस झोपतं, हे त्यांना आजवर कोणी कळवलं नसावं. "आजारी आहेत का त्या?"

"डोळ्यांखाली काळं झालंय. सूजही आहे."

"अरेरे. औषध वगैरे चालू आहे ना?"

मावशींनी दारातून वाकून पाहिलं. लेक एक पाय सोफ्याखाली सोडून, तोंड जरासं उघडं टाकून, मंद घोरत होती.

"उपाय चालू केलाय. आत्ताच."

"मग सोमवारपर्यंत बरं वाटेल?"

"सोमवारचं मला विचारू नका, साहेब," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "गोळी असती तर दिवस सांगितले असते. हे घरगुती आहे. याला वेळ लागतो."